दोर कधी कापले होते?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. सोसायटीच्या, माहेरच्या आणि जुन्या ऑफिसातल्या बायकांच्या. मथळा ‘वय हा फक्त आकडा!’, दोन्ही बाजूंना गुलाबाची फुलं. मजकूर थोडक्यात असा: कर्नल सँडर्सने ६५व्या वर्षी, १००९ नकार पचवून, शून्यातून केएफसी उभं केलं. डॉ. श्रीराम लागूंनी चाळिशी उलटल्यावर डॉक्टरकी सोडली, बोमन इराणी चव्वेचाळिसाव्या वर्षी नट झाले. पदवीला काही किंमत नाही. कुठल्याही वयाला कुठलंही दार उघडं असतं. आवडीचं काम धरा, पैसा आपोआप मागे येतो. आणि शेवटी ठळक अक्षरांत: तान्हाजीच्या मावळ्यांसारखे परतीचे दोर कापा, उद्याच राजीनामा द्या.

एरवी मी असलं काही वाचून पुसून टाकते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने (मुलगा कसला, ४२ वर्षांचा आहे, एका बँकेच्या बॅक ऑफिसात) मला वेगळा मेसेज केला, “काकू, मी पेपर टाकतोय.” म्हणजे राजीनामा. त्याची बायको खासगी शाळेत, मुलगी आठवीत, घराचा हप्ता अजून अकरा वर्षं. म्हणून हे लिहायला बसले.

भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी २६ वर्षं काढली. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि जाणाऱ्या माणसाचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब. निरोपसमारंभात लोक काय बोलतात ते सगळेच ऐकतात, सही करायला माझ्या टेबलापाशी आल्यावर काय बोलतात ते मी ऐकलंय. पुढे कारखाना मुंबईबाहेर गेला तेव्हा मी ५१ वर्षांची होते. आता चार छोट्या वर्कशॉपांची पगारपत्रकं घरून करते. त्यामुळे या वयात नवं काम सुरू करू नका, असं मी तरी म्हणणार नाही. माझं भांडण ते कसं सुरू करायचं याच्याशी आहे.

सँडर्सपासून सुरुवात करू, कारण हा गृहस्थ प्रत्येक फॉरवर्डात असतो. ‘६५व्या वर्षी शून्यातून.’ त्याचा जन्म १८९० चा. केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावी तो पेट्रोलपंप चालवायचा आणि १९३० पासून तिथेच वाटसरूंना जेवू घालायचा. पुढे तिथेच रेस्टॉरंट झालं. प्रेशरमध्ये कोंबडी तळायची पद्धत १९४० च्या आसपास बसली. पहिली फ्रँचायझी १९५२ साली सॉल्ट लेक सिटीत दिली, म्हणजे तेव्हा तो ६२ वर्षांचा. मग नवा महामार्ग गाव टाळून गेला, गिऱ्हाईक आटलं आणि १९५६ साली रेस्टॉरंट विकावं लागलं. तेव्हा कुठे तो गाडीत कुकर घालून गावोगाव हिंडू लागला. फॉरवर्डची गोष्ट इथून सुरू होते! आधीची पंचवीस वर्षं चुलीपुढे उभं राहिलेला माणूस शून्यात कसा? त्याच्याकडे पाककृती होती, तंत्र होतं, चार वर्षं चाललेली फ्रँचायझी होती. गेली ती फक्त जागा. १९६४ मध्ये त्याने कंपनी वीस लाख डॉलरला विकली, हे खरं. १००९ नकार मोजायला मात्र वही घेऊन कोण बसलं होतं, देव जाणे.

डॉ. लागूंचंही तेच. १९६९ साली ते पूर्णवेळ नट झाले तेव्हा बेचाळिशीत होते, एवढं बरोबर आहे. पण पुण्यात मेडिकल कॉलेजच्या दिवसांपासून ते हौशी रंगभूमीवर काम करत होते. कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून व्यवसाय आणि संध्याकाळी तालमी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. एका सकाळी उठून स्टेथोस्कोप फेकला, असं काही झालं नाही. बोमन इराणींचा रस्ता तर आपल्या मुंबईतलाच. आधी ताजमध्ये वेटर, मग ग्रँट रोडकडचं घरचं वेफर्सचं दुकान, मग फोटोग्राफी, मग इंग्रजी नाटकं, आणि २००३ मध्ये ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ सिनेमातला तो मेडिकल कॉलेजचा डीन. फॉरवर्डला फक्त डीन दिसला. मधली वर्षं गल्ल्यावर बसून काढली, ती कुणी पुढे पाठवत नाही.

‘पदवीला किंमत नाही.’ याला एकच उत्तर पुरे. कवी नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले. मग मोठेपणी परीक्षा देऊन पास झाले, म्हणून मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. कविता त्यांच्याकडे आधीपासून होती, पण वर्गात खडू हातात आला तो त्या कागदामुळे.

‘कुठल्याही वयाला कुठलंही दार उघडं.’ काही दारं बंद होतात आणि त्यांची तारीख सरकारी कागदावर असते. एमपीएससीला खुल्या गटात साधारण ३८, मागासवर्गीयांना ४३ वर्षं. पोलीस भरतीचं दार तर त्याच्या कितीतरी आधी लागतं. पण गंमत अशी, की जी खरोखर उघडी आहेत त्यांचं नाव फॉरवर्डात नाही. मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली. तीन वर्षांच्या एलएलबीला वरची मर्यादा नाही. दहावी राहिली असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, त्यापुढे मुक्त विद्यापीठ आहे. आमच्या कँटीनमधल्या एका मावशींनी नातू पहिलीत असताना सतरा नंबर भरला. गणितात राहिल्या, ऑक्टोबरमध्ये सुटल्या. पेढे त्यांनीच वाटले, आणि सुपरवायझरला मुद्दाम दोन दिले.

‘आवडीचं काम धरा, पैसा आपोआप येतो.’ पैसा आपोआप येताना मी २६ वर्षांत पाहिलेला नाही, आणि तो मोजणं हेच माझं काम होतं. आमच्या डिस्पॅचमधली एक जण उकडीचे मोदक असे करायची की कळ्या मोजाव्यात. गणपतीत ऑर्डरी घ्यायला लागली आणि भाद्रपदात पगाराएवढे पैसे दिसले. तेव्हाच सगळे म्हणाले, सोड नोकरी. ती मात्र हिशेबी. नारळ, गॅस, तांदळाची पिठी मांडली आणि स्वतःचे तासही मांडले (ते बायका कधीच मांडत नाहीत), तेव्हा कळलं की उरलेले अकरा महिने मोदक कुणाला नकोत. मग पहाटे चारला उठून पोळीभाजीचे डबे सुरू केले, आधी सहा, मग वीस. तीन वर्षं नोकरी आणि डबे दोन्ही केलं, मग राजीनामा दिला. आवड मोदकांची, पैसा पोळीभाजीचा. अजून चालू आहे.

आता दोर.

सिंहगडाची गोष्ट आपण चौथीत ऐकलेली आहे. १६७० चा फेब्रुवारी, मावळे रात्री दोर लावून कडा चढले, वर लढाई झाली, तान्हाजी पडले, माणसं मागे फिरू लागली आणि तेव्हा सूर्याजीने दोर कापले. कधी कापले? गडावर पोचल्यावर! पायथ्याशीच कापले असते तर चढले कशावरून असते? फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एवढंही पाहिलेलं नाही, आणि वाचणाऱ्यांची छाती मात्र फुगते.

राजीनाम्याचे दोर कुठले, ते टाइम ऑफिसवाल्यांना पाठ असतं.

पहिला पेन्शनचा. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, पेन्शन मिळायला दहा वर्षं नोकरी लागते, मिळते ५८व्या वर्षी. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कापून. आमचा एक ऑपरेटर नऊ वर्षं दोन महिन्यांवर सोडून गेला, गावी आंब्याची कलमं लावायची म्हणून. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे त्याला आणखी चारच महिने थांबायचं होतं. निदान पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेतलं असतं, तर पुढच्या नोकरीची वर्षं त्यात जोडता आली असती. मी सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, एकदा ठरवलं की ठरवलं.” कलमं चांगली आहेत त्याची, पेटी पाठवतो. पेन्शन नाही.

दुसरा ग्रॅच्युइटीचा. शेवटचं बेसिक आणि डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तीस हजार बेसिक-डीए आणि वीस वर्षं असतील तर साधारण ३ लाख ४६ हजार. बेसिक वाढलं की ही सगळीच्या सगळी रक्कम वाढते, मागच्या वर्षांसकट. म्हणून एप्रिलची वाढ तोंडावर असताना मार्चमध्ये सही करायला आलेल्या माणसाला मी आधी चहा पाजायचे.

तिसरा कुणालाच आठवत नाही. मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुधा नोकरीबरोबरच संपतो. पंचेचाळिशीत साखर निघालेली असते. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी थांबायला लावतात, २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे ज्याला ४८व्या वर्षी नोकरी सोडायचीय त्याने पॉलिसी ४५व्या वर्षीच घ्यायला हवी. आमच्याकडे साठीच्या आत बायपास झालेले किती होते ते मला माहीत आहे, बिलं माझ्याच टेबलावरून जायची.

आणि मधला रस्ता असतो, त्याला बिनपगारी रजा म्हणतात. साहेब लगेच देत नाहीत, पण वीस वर्षं इमानदारीत काढलेल्याला तीन महिने बहुतेक मिळतात. तीन महिन्यांत आवड किती टिकते ते कळतं. एक जण शेअर बाजारात उतरायचं म्हणून अशा रजेवर गेला आणि सव्वा महिन्यात परत आला. आल्यावर कुणाशी फार बोलला नाही.

तर तिसऱ्या मजल्यावरचा हा. रविवारी सकाळी पगाराची स्लिप घेऊन आला. पोहे खाता खाता सांगू लागला की त्याला सह्याद्रीत ट्रेक न्यायचेत. गेली दहा वर्षं तो जातोच आहे, वाटा माहीत आहेत, माणसं त्याच्या शब्दावर येतात. हे सगळं मला पटलं. मग मी विचारलं, ट्रेक निघतात कधी?

“शुक्रवारी-शनिवारी रात्री. शेवटची कर्जत लोकल.”

“आणि तुझी नोकरी?”

“सोमवार ते शुक्रवार.”

मग राजीनामा कशासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. पोह्यांवर लिंबू पिळत तो बराच वेळ गप्प बसला. नंतर कागद मागितला आणि मीच आखून दिला तसा हिशेब मांडू लागला: राजमाची, चौदा माणसं, जीप, गावातलं जेवण, प्रथमोपचाराची पेटी, एक जोडीदार. चौदा जणांच्या एका ट्रेकमागे त्याच्या हातात उरले दोन हजार सातशे. असे महिन्यात दोन, पावसाळ्यात चार.

राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच आहे म्हणतो. मेडिक्लेमचा फॉर्म भरून मात्र बुधवारी जिन्यात दाखवून गेला.