व्हय म्हाराजा म्हणणारे खूप

गेल्या मे महिन्यात कुडाळला गेले, तर ओटीवर नवाच वाद रंगलेला. आमच्या वहिनीने सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून दोन शाळांमध्ये काउन्सेलिंग सुरू केलंय. पुण्याहून आलेला चुलतभाऊ मानसशास्त्रात एम.ए. झालेला. त्याचं म्हणणं, अशा लोकांवर बंदीच हवी, 2021मध्ये नोंदणीचा कायदा केला तो काय शोभेला? काका उलट बाजूने. इथे मन मोकळं करायला माणूस मिळत नाही, आणि आहे तिलाही घरी बसवायचं? ज्या जिल्ह्यात ‘ह्याका रत्नागिरीक धाडूक व्होया’ (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तिथे शाळेतली पोरं आपणहून वहिनीच्या खोलीत जातात, हेच काकांना मोठं वाटत होतं. मी बारा वर्षं लीड्सला हेच काम करते, म्हणून दोघांनी मला पंच नेमलं. ‘तुमच्याकडे लायसन्सशिवाय कोणी त्या खुर्चीत बसत नसेल ना?’

बसतं की. ब्रिटनमध्ये ‘काउन्सेलर’ किंवा ‘सायकोथेरपिस्ट’ अशी पाटी लावायला कायदा कोणालाच अडवत नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव राखीव आहे, आमचं नाही. हे ऐकून चुलतभावाचा चेहरा पडला आणि काका खुशीत आले. पण मी त्यांच्याही बाजूची नव्हते.

तिथे कायद्यापेक्षा रिवाज कडक आहे. आमच्या व्यावसायिक संघटनेची अधिकृत मान्यता हवी असेल, तर देखरेखीखाली केलेलं किमान 450 तासांचं काम दाखवावं लागतं. आणि त्यानंतरही, काम करताय तोवर, महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन, म्हणजे आपलं काम दुसऱ्या जाणत्या काउन्सेलरपुढे मांडून तपासून घेणं. माझी सुपरव्हायजर बासष्ट वर्षांची आहे, या कामात मुरलेली. तिलाही सुपरव्हायजर आहे. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. (बहुतेकांना याचे पैसे स्वतःच्याच खिशातून भरावे लागतात. तेव्हा मात्र हसू येत नाही.)

दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका सेशनचं रेकॉर्डिंग, क्लायंटची परवानगी घेऊन, मी सुपरव्हायजरला ऐकवलं. मनातून खूश होते, बाई शेवटी ‘थँक यू’ म्हणाली होती. अकराव्या मिनिटाला तिने ते थांबवलं. ‘ती काय म्हणाली आत्ता?’ मला सांगता येईना. परत लावलं. बाई म्हणाली होती, ‘तसं घरात कोणाला माझी गरजच नाही.’ आणि त्यावर मी तिला झोपेचं वेळापत्रक करायला सांगत होते! एवढं मोठं वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं आणि मी सल्ला देत बसले होते. ते एकटीला कधीच कळलं नसतं, कारण माझ्या आठवणीत ते सेशन छान झालं होतं.

यातच या धंद्याची मेख आहे. होडीचं इंजिन नीट बांधलं नाही, तर ते भर समुद्रात बंद पडतं आणि मालक दुसऱ्या दिवशी शिव्या देत मेकॅनिकच्या दारात येतो. क्लायंट तसा येत नाही. तो फक्त यायचा थांबतो. बरा झाला म्हणून की कंटाळला म्हणून, ते कळायला मार्ग नाही, आणि आपण सोयीचं ते धरून चालतो. अमेरिकेतल्या 2012च्या एका पाहणीत या क्षेत्रातल्या 129 व्यावसायिकांना विचारलं, इतरांच्या तुलनेत तुम्ही किती चांगले? एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही आणि चौथा हिस्सा तर स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवून मोकळा झाला. 2016च्या एका अभ्यासात 170 थेरपिस्टांचं काम सरासरी जवळपास पाच वर्षं, साडेसहा हजारांहून जास्त रुग्णांच्या निकालांवरून तपासलं. अनुभव वाढला तसे निकाल सरासरीने अगदी किंचित का होईना, घसरलेच. काही जण सुधारले, पण नुसत्या वर्षांनी कोणी शहाणं होत नाही हे दिसलं. चुलतभावाची डिग्री आणि माझी बारा वर्षं, दोन्ही यात आली.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा जाणता माणूस एकेक वाक्य म्हणतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवापुढे ते शोभतं. काउन्सेलरच्या भोवती मात्र सगळेच तसं म्हणायला लागतात: क्लायंट उपकार मानून, मुख्याध्यापक घाईत म्हणून, घरचे कौतुकाने. सुपरव्हिजनमध्ये ते म्हणणारं कोणी नसतं.

हे विलायती चोचले आहेत असं काकांना वाटलं. म्हणून त्यांना बांदा ओलांडून पलीकडचं सांगितलं. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी बसवलं. उपचार सहा ते आठ सेशनचे. त्याचे चांगले निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. ही माणसं एकत्र बसून एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि ठरलेल्या तक्त्यावर गुण द्यायची. ते गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. म्हणजे चूक दाखवायला लंडनहून कोणी यावं लागत नाही.

नोंदणी नको असं मी म्हणत नाही. फसवणारे आहेत, त्यांना चाप हवाच. पण नोंदणीच्या कागदावर ‘तुमचं काम कोण ऐकतं?’ असा रकाना नसेल, तर चुलतभाऊ पास होईल, वहिनी नापास होईल आणि दोघांच्या खोलीत काय चालतं ते कोणालाच कळणार नाही.

वहिनी इतका वेळ फणसाचे गरे काढत होती. तेलाचा हात पुसत म्हणाली, ‘ह्या सगळा खरा गो. पण माझी चूक माका कोण सांगतलो? हय आसा कोण?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सध्या दर गुरुवारी ती, सावंतवाडीची एक आणि मालवणची एक, अशा तिघी व्हिडिओ कॉलवर बसतात, मी चौथी. शाळेतल्या मुलांची रेकॉर्डिंग अशी फिरवणं बरोबर नाही, म्हणून आम्ही सोंगं घेतो: एक क्लायंट, एक काउन्सेलर, दोघी ऐकणाऱ्या. गेल्या गुरुवारी वहिनी परीक्षेला घाबरलेला दहावीतला मुलगा झाली आणि काउन्सेलर मी. चार मिनिटंही झाली नसतील, तिने हात वर केला.

‘थांब गो. तू सल्लो दितंस.’