पाच डॉलरचं बूच

गेल्या शनिवारी सकाळी सात वाजता माझी बोट बुडायला लागली, तेव्हा ती काठापासून फार तर 12 फुटांवर होती. बुडायचंच तर माणसाने तलावाच्या मधोमध बुडावं, निदान बातमी तरी होते. मांडीभर पाण्यात, मागे चार पिकअप ट्रक रांगेत खोळंबलेले असताना आणि एक म्हातारा घडीच्या खुर्चीत बसून कॉफी पीत बघत असताना बुडण्यात कसली आलीय शोभा?

बोट माझी म्हणजे अर्धी माझी. उरलेली अर्धी साडूंची. 16 फुटी, अॅल्युमिनियमची, मागे 25 हॉर्सपॉवरचं इंजिन, आमच्याकडे येण्याआधी किती घरं फिरली देव जाणे. आम्ही दोघंही डॅलसजवळ राहतो. साडूंनी हिवाळाभर बास मासे पकडायचे व्हिडिओ पाहिले आणि एप्रिलात आम्ही रे रॉबर्ट्स तलावावर पोचलो. एवढं प्रास्ताविक पुरे. मला म्हाताऱ्याबद्दल बोलायचंय, कारण आज पाच दिवस झाले तरी तो डोक्यातून जात नाहीये.

सत्तरी ओलांडलेला, टोपीच्या कडेला गंजका गळ अडकवलेला, पायात रबरी सपाता. बोट उतरवायच्या उताराला इथे रॅम्प म्हणतात. त्या रॅम्पच्या कडेला त्याने खुर्ची अशी लावली होती की येणाऱ्या प्रत्येक ट्रेलरचा पार्श्वभाग बरोबर त्याच्या नाकासमोर यावा. जवळ काठी नाही, बोट नाही, मासे पकडायचा काही इरादाही दिसत नव्हता. पायाशी एक प्लास्टिकचा डबा तेवढा होता.

त्याचं इंग्रजी टेक्सासच्या खेड्यातलं, शब्द गालात धरून बाहेर सोडणारं. मी कराडचा. इथे येऊन 19 वर्षं झाली, पण असं इंग्रजी कानावर पडलं की डोक्यात जाईपर्यंत ते आमच्या पारावरचं झालेलं असतं. म्हणून तो जे बोलला ते मी मला ऐकू आलं तसंच देतो.

पहिला प्रसंग ट्रेलर मागे घेण्याचा. माझे चुलते कारखान्याच्या गव्हाणीपाशी उसाने भरलेली ट्रॉली एका हाताने रिव्हर्स लावायचे, दुसऱ्या हातात चहाचा कप असायचा. हे रक्तात असेल अशी माझी समजूत होती. नसतं. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे, उजवीकडे फिरवलं की आणखी उजवीकडे. पाचव्या खेपेला गाडी आणि ट्रेलर एकमेकांकडे रुसलेल्या नवराबायकोसारखे बघत आडवे उभे राहिले आणि मागून पहिला हॉर्न वाजला.

"पावणं," म्हातारा म्हणाला, "पयल्यांदाच का?"

मी हसलो. साडू म्हणाले, "नाही नाही, सवय आहे."

"हात चाकाच्या तळाला धर. वर न्हवं, खाली. आन ट्रेलर जिकडं न्यायचा तिकडं हात न्हे."

मी ऐकलं. पहिल्याच फटक्यात ट्रेलर सरळ पाण्याकडे गेला. याचा मला राग आला. सल्ला चुकीचा निघाला असता तर त्याला माफ केलं असतं.

दुसरा प्रसंग साडूंचा. लाइफ जॅकेटात पोट दिसतं, फोटो वाईट येतात, म्हणून त्यांनी जॅकेट बोटीत फेकून चौकोनी फुगीर उशी उचलली, तिच्या दोन पट्ट्यांत हात घातले आणि दप्तरासारखी पाठीवर चढवली. 16 फूट किंवा त्याहून मोठ्या बोटीत जॅकेटांशिवाय अशी एक फेकायची उशी किंवा कडी ठेवावीच लागते. फेकायची, म्हणजे बुडणाऱ्याकडे. त्याने ती छातीशी कवटाळायची. हे साडूंच्या व्हिडिओत नव्हतं.

म्हाताऱ्याने कॉफीचा घोट घेतला. "झ्याक तरंगशील," तो म्हणाला. "पालथा."

साडूंना पहिल्यांदा ते कौतुकच वाटलं. त्यांचा 11 वर्षांचा मुलगा खो खो हसायला लागला, तेव्हा अर्थ उतरला. पाठीवर तरंगणारी वस्तू बांधली तर पाठ वर राहणार आणि तोंड पाण्यात. त्या पोराच्या अंगावर मात्र जॅकेट होतं, सगळी बक्कलं लावलेलं, कारण 13 वर्षांखालच्या मुलांनी बोट चालू असताना ते घालायलाच हवं असा टेक्सासचा कायदा आहे. मोठ्यांनी नुसतं हाताशी ठेवलं तरी चालतं. म्हणजे तेराव्या वाढदिवसाला केक कापला की पाणी आपल्याला ओळखायला लागतं! या देशात बोटीच्या अपघातात बुडून मरणाऱ्या दर दहांतल्या आठांहून जास्त जणांच्या अंगावर जॅकेट नसतं. हाताशी असतं. आमच्या शाळेतला एक जण कराडच्या प्रीतिसंगमावर बुडून गेला, तो आमच्यात सगळ्यात चांगला पोहणारा होता. मी जॅकेट घातलं. साडूंनीही घातलं, पण चेन अर्धीच लावली.

आता बूच.

बोटीच्या मागच्या फळीत, अगदी खाली, रुपयाएवढं एक भोक असतं. बोट जमिनीवर असताना पावसाचं पाणी त्यातून निघून जावं म्हणून. पाण्यात उतरवण्याआधी त्यात बूच बसवायचं. यापलीकडे त्यात काहीही नाही. आम्ही बोट आणली त्या दिवशी धुतली, बूच काढलं आणि मी ते लक्षात राहील अशा जागी ठेवलं. जागा अजूनही लक्षात आहे: गॅरेजमध्ये, वरच्या फळीवर, गणपतीच्या मखराच्या खोक्याशेजारी. रॅम्पपासून 40 मैलांवर.

बोट ट्रेलरवरून सुटली, तरंगली, साडूंच्या मुलाने टाळ्या वाजवल्या. मग साडू म्हणाले, "अहो, माझे मोजे ओले झाले." मी म्हटलं, तळ्यावर आलोय, होणारच. मग खाण्याचा डबा जागचा हलला आणि सावकाश माझ्याकडे निघाला.

पुढचा अर्धा तास तपशिलात सांगत नाही. मी पँटसकट पाण्यात उतरलो, बोट ढकलून पुन्हा ट्रेलरवर घेतली, साडूंनी गाडी ओढली आणि त्या भोकातून कोयनेचे दरवाजे उघडल्यासारखं पाणी सुटलं. मागच्या रांगेत आता सहा ट्रक होते. सामान लावणं, दोर बांधणं, बूच बसवणं हे सगळं वर पार्किंगमध्ये उरकून यायचं आणि रॅम्पवर दोन मिनिटांत मोकळं व्हायचं, हा इथला शिष्टाचार. तो मला सहाही ड्रायव्हरांनी आपापल्या भाषेत समजावला.

म्हातारा खुर्चीतून उठला नाही. पायाने डबा पुढे सरकवला आणि झाकण उघडलं. आत बुचं. पितळेची, रबराची, पीळाची, खटक्याची, आखूड, लांब. पन्नास तरी असतील.

"तुजं एक इंचाचं," तो न मोजताच म्हणाला. "पाच डॉलर."

दुकानात हे तीन-चार डॉलरला मिळतं. पण दुकान इथे नव्हतं आणि सहा ट्रक इथे होते. मी ओली नोट काढली. ती त्याने खुर्चीच्या हातावर वाळत घातली, तिच्यावर कॉफीचा कप ठेवला आणि विचारलं, "कुटलं गाव म्हणायचं?"

"प्लेनो."

"न्हवं, मूळचं."

हा प्रश्न कराडला एसटी स्टँडवर मला शंभर जणांनी विचारला असेल आणि शंभरदा मी तीन पिढ्यांसकट उत्तर दिलं असेल. तिथे त्याचा अर्थ 'आपली ओळख निघते का बघू' असा असतो. इथे 19 वर्षं कर भरून, पँट ओली करून, लोकांच्या शिव्या खाऊन झाल्यावर तोच प्रश्न घशात अडकतो. म्हाताऱ्याच्या मनात यातलं काही नसेलही. मी म्हटलं, "इंडिया."

"तिकडं बोटी असत्यात?"

जगातल्या सर्वांत जुन्या गोद्यांपैकी एक लोथलला सापडली, कान्होजी आंग्र्यांनी इंग्रजांना समुद्रावर रडवलं, हे सगळं जिभेवर आलं होतं. पण बूच न लावता बोट पाण्यात लोटणाऱ्याने कान्होजींचं नाव घेऊ नये. मी म्हटलं, "असतात."

मग मला एकदम शंका आली. "तुम्ही इथेच बसला होतात. ट्रेलर मागे येताना भोक तुमच्या समोरच होतं."

"पाह्यलं की."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बोटीइतकाच तळातून गळतोय. "आदी सांगितलं की लोकं म्हणत्यात, 'हाय आमच्याकडं', आन जात्यात. पाणी आत आलं की पैसं काढत्यात."

यावर बोलायला काही नव्हतं. अजूनही नाही. रात्री दात घासताना उत्तरं सुचतात, पण एकही त्याच्या तोडीचं नाही.

मासेमारीचं म्हणाल तर ती थोडक्यात झाली. टेक्सासचे जवळपास सगळे तलाव धरणांचे. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तसं इथे सुक्या झाडांचं रानच्या रान पाण्यातून डोकं काढून उभं असतं. बास तिथेच बसतो आणि बोटही तिथेच फुटते. हळू जायचं. इंजिन बंद करणाऱ्या खटक्याची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला जोडलेली हवी, म्हणजे तो पाण्यात पडला तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येत नाही. 1 एप्रिल 2021 पासून हा देशभराचा कायदा आहे, तारखेवर जाऊ नका. साडू सेल्फीसाठी उठले, दोरी ताणली गेली, इंजिन बंद पडलं. ते कायद्यावर चिडले.

गळाला आम्ही टेक्सास रिग लावला होता. बंदुकीच्या गोळीसारखं शिसं दोरीत ओवायचं आणि गळाचं टोक प्लास्टिकच्या गांडुळाच्या पोटात लपवायचं, म्हणजे तो काटक्यांत अडकत नाही. पहिल्या तासात आम्ही चार झाडं पकडली. मग उथळ पाण्यात एकदम हिसका बसला आणि एक बास वर आला. हे दिवस अंडी घालायचे. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर घरट्यावर पहारा देतो. तेव्हा तो गांडूळ खायला येत नाही, घराजवळ आलं म्हणून तोंडात धरून हाकलायला येतो. रागावला म्हणून पकडला गेला बिचारा. त्या दिवशी मला त्याचं फार जवळचं वाटलं.

पट्टीवर पावणेचौदा इंच भरला. 14 इंचांखालचा ठेवता येत नाही. साडूंचा चेहरा पडला, कारण खाण्याच्या डब्यात रवा आणि लाल तिखट होतं. मुलगा म्हणाला, "असं नाही मोजायचं. रॅम्पवरच्या आजोबांनी सांगितलंय, तोंड मिटून आणि शेपूट चिमटून." तेवढ्या गडबडीत हा त्याची शिकवणीही लावून आला होता. शेपूट चिमटल्यावर मासा 14 वर केसभर गेला. दिवसाला पाच ठेवता येतात, हा पहिला. साडू आनंदाने म्हणाले, "धरा, फोटो घेतो." बासला खालच्या ओठाला अंगठ्याने धरतात. दात बारीक असतात, खरखरीत कागदासारखे. मी धरला, हसलो, आणि तो गेला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि आम्ही मासा सोडला असं ठरवलं. याला इथे मोठी परंपरा आहे. अलाबामातल्या रे स्कॉट नावाच्या विमा एजंटने साठच्या दशकाच्या अखेरीस बासच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली आणि 1972 पासून मासे जिवंत परत सोडायची चाल पाडली. आता बास तळून खातो म्हटलं तर काही लोक एकादशीला कोंबडी कापल्यासारखं बघतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "सोडलास? मग गेलतास कशाला?"

परत आलो तेव्हा म्हातारा तिथेच होता. खुर्ची सावलीत सरकली होती आणि कपाखाली आता तीन नोटा होत्या.

"मिळालं काय?"

"एक. 14 इंची. सोडला."

त्याने पहिल्यांदाच टोपीला बोट लावलं. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा पुन्हा राग आला.

"बूच काड," तो म्हणाला. "पाणी हितंच सोडून जा, न्हाईतर दंड." तेही खरंच. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बोटीतल्या पाण्यातून एका तलावातून दुसऱ्यात जातात आणि नळांच्या आत थर धरतात. म्हणून तलाव सोडण्याआधी बोट कोरडी करावी लागते. मी बूच काढलं, उरलंसुरलं पाणी वाहून गेलं, मागचा ट्रक हॉर्न देत होता, साडू दोर आवळायला हाका मारत होते. दोन्ही हात लागणार म्हणून मी बूच गाडीच्या मागच्या बंपरवर ठेवलं.

रविवारी संध्याकाळी बोट धुताना ते आठवलं. गाडीत शोधलं, ड्राइव्हवेवर शोधलं, पँटचे खिसे उलटे केले. मग म्हाताऱ्याचा डबा डोळ्यांसमोर आला. त्यातली बुचं एकसारखी नव्हती. वेगवेगळ्या मापांची होती, बरीचशी वापरलेली, आणि काहींवर टायरचे वळ होते.