मॉरिशस सह्याद्रीचा तुटलेला कडा नव्हे

ते ढकलपत्र पुन्हा फिरू लागलंय. मजकूर थोडक्यात असा: मॉरिशस हा सह्याद्रीचाच तुटून वाहत गेलेला कडा आहे, पुरावा म्हणजे तिथला दगडही आपल्यासारखाच काळा, शास्त्रज्ञांना तिथे ३०० कोटी वर्षांपूर्वीची बुडालेली भारतभूमी सापडली आहे, आणि समुद्राखालच्या धबधब्याचा फोटो बघा, तिथूनच ती भूमी खाली गेली.

आधी दगडाचं बघू. काळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा दगड, आइसलँडलाही आहे आणि हवाईलाही. रंगावरून गोत्र ठरत नाही, वय विचारावं लागतं. आपल्या घाटांतले लाव्हाचे थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. मॉरिशसचा समुद्रावर दिसणारा सर्वांत जुना लाव्हा सुमारे ९० लाख वर्षांचा. म्हणजे सह्याद्रीचा दगड थिजून थंड झाला, त्यावर कोट्यवधी पावसाळे गेले, तरी मॉरिशस जन्मालाच आलेलं नव्हतं. जे नव्हतंच ते तुटणार कुठून?

'वाहत गेलं' हे तर उलटंच आहे. सरकला तो भारत, उत्तरेकडे, आणि भूगर्भाच्या मापाने भलत्याच वेगात. दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हा आजचा महाराष्ट्र विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. तिथे खोलवर एक उष्ण जागा आहे, रियुनियन हॉटस्पॉट. रांगोळी काढणारा हात जागेवर ठेवून खालचा पाट सरकवला तर पाटावर रेघ उमटेल, तसं इथे घडलं. त्या रेघेची टोकं समुद्रात अजून दिसतात: दख्खन, मग लक्षद्वीप आणि मालदीवची रांग, पुढे चागोस. १९८७ साली या रेघेवर समुद्रतळाला भोकं पाडून दगड वर काढले, तेव्हा मालदीवजवळचा बेसॉल्ट सुमारे ५.७ कोटी वर्षांचा निघाला. पुढे समुद्रतळ जिथे फाटून नवा होतो ती मध्य हिंदी महासागरातली डोंगररांग या जागेवरून सरकली आणि रेघ भारताचा पाट (म्हणजे भारत ज्यावर आहे तो भूपट्ट) सोडून आफ्रिकेच्या पाटावर उमटू लागली. मॉरिशस या दुसऱ्या पाटावरचं, आणि सगळ्यांत ताजं टोक रियुनियन बेट. तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी आजही वरचेवर लाव्हा ओकतो. २००७च्या उद्रेकात त्याच्या शिखरावरच्या विवराचा तळ ३०० मीटरहून जास्त खचला. शेजारचा पितों दे नेज तीन हजार मीटरच्या वर चढलेला, पण आता शांत. (दख्खनमागे हाच एक उष्ण झोत होता का, यावर भूशास्त्रज्ञांत वाद आहे. तो वाद खरा मानला तरी ढकलपत्राच्या पदरात काही पडत नाही.)

नातं आहे, नाही असं नाही. पण ते एका चुलीवरच्या दोन भाकऱ्यांचं आहे. एक भाकरी दुसरीचा तुकडा होत नाही.

३०० कोटींचा मुद्दा मात्र हवेतून आलेला नाही. २०१३ साली मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या वाळूत झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे फार जुने कण सापडले. वाळू कुठूनही येऊ शकते, अशी शंका निघाली. म्हणून २०१७ साली भूशास्त्रज्ञ ल्युइस अॅशवाल आणि सहकाऱ्यांनी थेट खडकातले, ट्रॅकाइट या लाव्हाच्या दगडातले कण तपासले. खडक सुमारे ५७ लाख वर्षांचा, आतले काही कण २५० ते ३०० कोटी वर्षांचे. अर्थ एवढाच की वर येताना लाव्हाने खालच्या जुन्या खंडाचे कण उचलून आणले. त्या खालच्या तुकड्याला 'मॉरिशिया' म्हणतात. मादागास्कर आणि भारत एकमेकांपासून दूर होताना मधे चिरफळ्या झाल्या, त्यांतली ही एक. विहिरीच्या बादलीत जुनं नाणं आलं म्हणून बादली शिवकालीन ठरत नाही. आणि 'बुडालेली भूमी' वाचून ज्यांना मंदिरं आणि नगरं दिसू लागतात त्यांच्यासाठी: हे सगळं झालं तेव्हा माणूस नावाचा प्राणी नव्हता. मॉरिशसवर पहिली वसाहत डचांनी केली, १६३८ साली. तिथल्या मराठी घरांची मुळं कोकणात आहेत ती एकोणिसाव्या शतकातल्या उसाच्या मळ्यांमुळे, लाव्हामुळे नव्हे.

धबधब्याचा फोटो मॉरिशसमधल्या ल मोर्नच्या किनाऱ्यावरचा. उथळ कडेवरून वाळू आणि गाळ खोल पाण्यात घसरतो, वरून बघताना पाणी कोसळल्यासारखं वाटतं. बस्स.

आपल्यापासून खरोखर तुटलेलं काही हवंच असेल तर मॉरिशसच्या उत्तरेला सेशेल्स बघा. माहे आणि प्रालँ ही बेटं ग्रॅनाइटची, सुमारे ७५ कोटी वर्षांची, महासागराच्या मधोमध असूनही खंडाचा दगड. ती सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटली. त्या ताणाची खूण बघायला विमान नको. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर वहीच्या पानांसारखे आडवे असतात. पनवेलच्या आसपास तेच थर पश्चिमेला, समुद्राकडे कललेले दिसतात. भूशास्त्रात त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात.