'खेळण्यातली किटली' म्हणणाऱ्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

घरी गेल्यावर चहा कडू झाला आणि तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल खरंच सॉरी. फ्लाइटच्या आधी वेळ काढून, सुटकेस ओढत जपानमधल्या आमच्या तोकोनामे गावचा चढ चढून आमच्याकडे आलात, त्याची जाणीव आहे मला. पण दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की "6,600 येन घेऊन खेळण्यातली किटली गळ्यात मारली, वर वीस मिनिटं लेक्चर, मराठी माणसानेच मराठी माणसाला गंडवलं" हे वाचल्यापासून मन लागत नाहीये, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

लेक्चरचं सोडून देते, तुम्ही घाईत होतात. पण साइजचं मला सांगू द्या. मी पहिला प्रश्न हाच विचारला होता की किती जण पिणार आणि चहा कुठला. तुम्ही म्हणालात मी आणि हे, दोघंच, आणि पर्समधून काकेगावा गावच्या फुकामुशी सेंचाचं, म्हणजे जपानी ग्रीन टीचं, पाकीट काढून दाखवलंत. त्यावरून 200 मिलीची क्यूसू, म्हणजे ही जपानी चहाची किटली, काढून दिली. शेजारीच 360 मिलीची होती, ती 9,000 च्या वर होती, तुम्ही तीच हातात घेतली होती आणि मीच म्हटलं की दोघांच्या सेंचाला ही नको. मला गंडवायचं असतं तर महागडी विकून मोकळी झाले असते ना ताई, तुम्हीच सांगा.

ग्रीन टीची भांडी लहान असतात त्याला कारण आहे. हा चहा भांड्यात ठेवून लागेल तसा ओतायचा नसतो. दोघांना साधारण 5 ग्रॅम पत्ती, 150 ते 200 मिली पाणी, आणि वेळ झाली की शेवटच्या थेंबापर्यंत कपात ओतून किटली रिकामी करायची, दोन्ही कपात आलटून पालटून थोडं थोडं म्हणजे चव सारखी येते. मग त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा जरा जास्त गरम पाणी, ते लगेच ओतायचं, मग तिसऱ्यांदा. म्हणजे एकदा टाकलेल्या पत्तीत दोघांचे तीन राउंड होतात, अर्ध्या लिटरच्या आसपास चहा निघतो. मोठ्या किटलीत भरपूर पाणी घातलं की अर्धं ओतलं जातं आणि अर्धं पत्तीवर बसून राहतं, तेच कडू होतं.

आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की उकळतं पाणी घालून झाकण लावून दहा मिनिटं ठेवली. ताई, फुकामुशी म्हणजे जास्त वेळ वाफवलेली पत्ती, ती बारीक चुरा होते आणि भराभर उतरते, तिला 70-80 डिग्रीचं पाणी आणि अर्धा-पाऊण मिनिट पुरतं. उकळत्या पाण्यात पत्तीतले कॅटेचिन नावाचे घटक जास्त सुटतात, तुरटपणा त्यांचाच, आणि गोडवा कुठल्या कुठे जातो. ग्योकुरो, म्हणजे सावलीत वाढवलेला ग्रीन टी, असता तर 50-60 डिग्रीच सांगितलं असतं, आणि होजिचा, म्हणजे भाजलेल्या पत्तीचा चहा, असता तर खुशाल उकळतं घाला आणि मोठी किटली घ्या म्हटलं असतं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी आधी कपात ओता, एका भांड्यातून दुसऱ्यात गेलं की साधारण दहाएक डिग्री उतरतं. हे सगळं मी दुकानात सांगत होते, त्यालाच तुम्ही लेक्चर म्हणालात.

अजून एक, तुमच्या फोटोत तोटीच्या टोकाला प्लॅस्टिकची पारदर्शक नळी अजून तशीच आहे. ती फक्त प्रवासात तोटी फुटू नये म्हणून असते, काढून टाका प्लीज, तिच्यात चहा साचून घाण होते आणि धारही नीट तुटत नाही. ओघळ येतो लिहिलंय तो बहुतेक त्यामुळेच. आणि त्याच फोटोत दुधाचा चहा दिसतोय. या लाल मातीला आतून ग्लेझ नाही, दूध-वेलचीचा वास धरून बसतो, म्हणूनच वापरलेली परत घेता आली नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला कशी देऊ? लोखंडी तव्याला आपण साबण लावत नाही तसं हिलाही नुसतं गरम पाणी, आणि उघडी वाळू द्यायची.

किमतीचं एवढंच सांगते की भांडं, तोटी, दांडा, झाकण, आतली बारीक भोकांची जाळी, सगळं वेगवेगळं हाताने करून जोडतात, झाकण घासून घासून बसवतात. याच गावच्या तिसऱ्या पिढीच्या यामादा जोझान यांना 1998 साली क्यूसूच्या कामासाठी जपान सरकारने लिव्हिंग नॅशनल ट्रेझर हा मान दिला. इथल्या कारागिराच्या भांड्याला खेळणं म्हटलेलं मला लागलं, लपवत नाही.

आमचं दुकान लहान आहे. एअरपोर्ट इथून दोनच स्टेशनांवर, त्यामुळे जाता जाता येणारी आपली माणसं बरीच असतात आणि ती रिव्ह्यू वाचूनच ठरवतात. तुमच्यानंतर एका फॅमिलीने फोन करून विचारलं की तिथे फसवतात का. काय उत्तर देणार मी?

बॉक्समध्ये मराठीतून सूचनांचा कागद टाकायचं बघतेच आहे, घाईच्या गिऱ्हाइकांसाठी पण काहीतरी करू. तुम्ही एकदा नळी काढून, किटलीत दोन-तीनदा गरम पाणी फिरवून, त्याच पाकिटातल्या ताज्या पत्तीचा चहा 75 डिग्रीवर करून बघा, आणि तरी कडू लागला तर दुकानाच्या नंबरवर फोन करा, मीच उचलते. चांगला झाला तर रिव्ह्यूतला तो 'गंडवलं' शब्द तेवढा काढा ही विनंती, स्टार तुमच्या मनाला येतील तेवढे ठेवा.