डोया कोठे लावू?

आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशांची दुर्बीण घरी आली तेव्हा बायकोने खोकं उघडून बघितलं आणि म्हणाली, "एवढा मोठा गिझर? धुळ्यात?" मे महिन्यात आमच्या नळालाच गिझरचं पाणी येतं, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

मी तिला समजावलं की ही फास्ट दुर्बीण आहे, एफ-४, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या साधारण चौपट. आरसा २०३ मिलीमीटरचा आणि नाभीय अंतर फक्त ८००. एफ-८ च्या दुर्बिणीला जे चित्र टिपायला चार मिनिटं लागतात, ते ही एका मिनिटात टिपते. मला जन्मात कुणी फास्ट म्हटलेलं नाही, निदान दुर्बीण तरी असावी! प्रकाश चौपट वेगाने येतो तशा चुकाही येतात, हे मात्र विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला गिझर गाडीत घालून, सावळद्याला तापी ओलांडून, शिरपूरच्या पुढे नानांच्या शेतावर पोचलो. नाना म्हणजे माझे थोरले मामा. शेत सातपुड्याच्या पायथ्याशी, आकाश काळंभोर. त्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती, त्यामुळे गव्हाला पाणी द्यायला नानाही रात्रभर जागणार होते. दहाला त्यांनी मोटर सुरू केली, मी माझी, दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी. दोघांची रात्रपाळी एकदमच लागली.

खरं तर मी आठलाच सुरू करणार होतो, पण मामीने कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली होती. हिरव्या मिरचीचं भरीत आणि कळण्याची भाकरी समोर असताना जो माणूस ध्रुव शोधायला उठतो, त्याने खानदेशात जन्म घेऊ नये. मी दोनदा वाढून घेतलं. मग तासभर हाताला तेल होतं, आरशाजवळ जायची सोय नव्हती.

दुर्बिणीची मोटर ध्रुवाच्या रोखाने लावावी लागते, आणि ध्रुवही काही कमी नाही. आजीने सांगितलं होतं, त्याला अढळपद मिळालंय. प्रत्यक्षात तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षाही जरा लांब आहे आणि त्याच्याभोवती इमानदारीत फेऱ्या मारतो. शिवाय आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम एकवीस अंशांवर, म्हणजे सातपुड्याच्या धुरकटात. गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून त्याला पकडण्यात पाऊण तास गेला.

मग आरसे जुळवणं. मोठ्या आरशाला तीन स्क्रू, छोट्याला तीन. एक पिळला की बाकीचे पाच रुसतात, अगदी लग्नातल्या मानपानासारखं. एफ-४ मध्ये आरसा जरा जरी तिरका राहिला की तारे शेपटीवाले दिसतात. फोकसची मोकळीक तर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. रात्री पारा दहा अंशांनी उतरला की पोलादी नळी मिलीमीटरच्या दहाव्या भागाइतकी आखडते आणि लावलेला फोकस पुन्हा जातो. थंडीत माणूस आखडतो हे ऐकून होतो. नळी आखडली की पाप माझ्या डोक्यावर.

अकराच्या सुमाराला बांधावर चार-पाच जण गोळा झाले. अमावास्येची रात्र, डोक्याला लाल दिवा बांधलेला माणूस, नळीतून आरसे जुळवायच्या लाल लेझरचा ठिपका आणि शेजारी पिशवीत सोललेला लसूण (मामीने घरी न्यायला दिलेला). गुप्तधनाला आणखी काय लागतं? नानांनी मोठ्याने सांगितलं, "मना भाचा शे, फोटो काढस," तेव्हा कुठे हातातल्या काठ्या खाली आल्या.

काठ्या खाली आल्या तसा उत्साह वर आला. प्रत्येकाला काहीतरी बघायचं होतं. नाना पुढे झाले, दुर्बिणीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "डोया कोठे लावू?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण डोळ्याच्या जागी कॅमेरा होता. मी म्हटलं, "नाना, यात बघायचं नसतं. घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ आहे, तिकांडातल्या, म्हणजे मृगातल्या ओळीतल्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेकडच्या ताऱ्याच्या अंगाला. प्रकाश इथे यायला हजाराहून जास्त वर्षं लागतात. सापडला तोसुद्धा १८८८ सालच्या एका फोटोच्या काचेवर, विल्यमिना फ्लेमिंग नावाच्या बाईंना. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही."

"मंग तू रातभर कसाले जागस?"

मंडळी हसली आणि घरी गेली. माणूस गुप्तधनाला तरी जागतो, पण न दिसणाऱ्या घोड्यासाठी जागणं कुणालाच पटलं नाही.

बारानंतर तिकांडं डोक्यावर आलं आणि माझे तारे अचानक धुरकट झाले. बॅटरी मारून बघतो तर नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या आरशावर दव. साहजिक होतं, शेजारच्या वाफ्यात नाना गव्हाला पाणी पाजत होते आणि त्यातलं थोडं माझा आरसा पीत होता. तो पुसायची सोय नाही, मुलामा ओरखडतो. शेवटी खोक्याच्या पुठ्ठ्याने पाहुण्यांना घालावा तसा त्याला वारा घालत बसलो. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'फास्ट' लिहिलेलं होतं.

दव गेलं, पण कोपऱ्यातले तारे पुन्हा लांबट. परत लेझर लावला, नळी उभी केली, ठिपका मधोमध. घोड्याकडे तिरकी केली, फोटो काढला, शेपट्या. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी नाना खांद्यावर फावडं घेऊन मागे उभे होते. त्यांनी फोटोकडे बघितलंच नाही, नळीकडे बघितलं. उभी असताना आणि आडवी झाल्यावर.

"उभं शे तवय सरय. आडं व्हयनं का वाकस. पुली तिरपी ऱ्हायनी का पट्टा उतरस, तसं."

कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसर, म्हणजे कॅमेरा बसवायचा भाग, नळीच्या पत्र्यासकट झुकत होता. हे मी सहा महिने वाचत होतो आणि स्क्रू मात्र आरशाचे पिळत होतो. नाना झोपडीतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन आले आणि कॅमेरा नळीला असा आवळला की बैलाची वेसण आठवली. तारे गोल झाले! अगदी चारही कोपऱ्यांत म्हणणार नाही, पण तीन कोपऱ्यांत झाले.

तोवर तिकांडं पश्चिमेला कललं होतं. एकूण एकवीस फ्रेम मिळाल्या, प्रत्येकी दोन मिनिटांच्या. फास्ट दुर्बिणीने एका रात्रीत बेचाळीस मिनिटं काम केलं.

उजाडायच्या आधी नाना चहा घेऊन आले. "मनं सम्दं रान भिजनं. तुनं कितलं व्हयनं?"

मी लॅपटॉप पुढे केला. लालसर पडद्यावर अंगठ्याएवढं काळं डोकं. नानांनी चष्मा पुसला, लॅपटॉप जवळ घेतला, लांब धरला.

"उलटा शे."

न्यूटोनियनमध्ये चित्र उलटंच पडतं, मी सांगायला लागलो. तोवर नानांनी लॅपटॉप खालचा वर फिरवला, घोडा सरळ केला, "आते बरा शे" म्हणाले आणि मोटर बंद करायला निघून गेले.