मळ्याच्या शाळेचं नाव बदलायचं म्हणे

सकाळी गावच्या ग्रुपवर मेसेज पडला. आमच्या मळ्यावरच्या जिल्हा परिषद शाळेला एका दात्याने रंग दिला, दोन टीव्ही दिले, म्हणून शाळेला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं. खाली अंगठ्यांची रांग. त्यात याच शाळेत पाढे घोकलेलेही आहेत. कमाल आहे!

अरे, ती दोन गुंठे जागा आमच्या आबांची, म्हणजे आजोबांच्या थोरल्या भावाची. गुरुजी म्हणाले, पाटीवर तुमचं नाव घालू. आबा म्हणाले, "नको बाबा, उद्या कौल फुटलं की पोरं मलाच हाक मारतील." म्हणून मळ्याचंच नाव लागलं. वाडी, वस्ती, मळा, धनगरवाडा, आपल्याकडच्या कितीतरी शाळांची नावं अशीच पडली. 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, आधी शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाचं नाव पाटीवरून गेलं, मळा राहिला. सातबाऱ्यावर आम्ही नुसता गट नंबर. सरकारदरबारी मळ्याचं नाव निघतं ते शाळेमुळे, मतदान केंद्राच्या यादीतसुद्धा.

आणि सरकारचं काय सांगावं! 2023 मध्ये दत्तक शाळा योजना काढली. खेड्यातल्या शाळेला 5 वर्षांसाठी 50 लाख, 10 वर्षांसाठी 1 कोटी द्या आणि तेवढ्या काळापुरतं नाव लावा. निदान तिथे दर तरी ठरलाय. आमचे लोक रंगाच्या डब्यांवर सौदा उरकायला निघालेत.

कुणीतरी म्हणेलच, साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलला नाही का छत्रपतींचं नाव? आहे. 7 नोव्हेंबर 1900 ला भिवा रामजी आंबेडकरांचं नाव तिथे दाखल झालं तेव्हा ते सरकारी हायस्कूल होतं, प्रतापसिंहांचं नाव नंतर लागलं. तेही मान्य. पण शाळा राजवाड्यात भरायची, नाव त्या मातीतलंच. ते काही टीव्हीच्या बदल्यात मिळालेलं नाही.

दात्यावर राग नाही हो. माणूस भला आहे, पोरं टीव्हीवर कविता बघून म्हणतात, बरं वाटतं. एखाद्या वर्गाला द्या ना त्यांच्या वडिलांचं नाव, नारळ फोडायला मी येतो.

आबांनी नाव नको म्हटलं, तरी कौलं फुटायचीच. पावसाळ्याआधी तेच शिडी लावून चढायचे, आम्ही पोरं खालून एकेक कौल वर द्यायचो. पुढे पत्रा आला तेव्हाच शिडी सुटली.

शाळा व्यवस्थापन समितीत जे कोणी आहेत त्यांनी बैठकीची तारीख ग्रुपवर टाकावी. गुपचूप ठराव केलात तर ग्रामसभेत मी उभा राहणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.