पाळी आली म्हणून मुलीचं जेवण तोडू नका

‘मुलीला पाळी आली की लगेच तिचं रात्रीचं जेवण बंद करा, त्या वयात चढलेलं वजन जन्मभर उतरत नाही’ असं बजावणारा एक मेसेज फिरतोय. तो माझ्या ताईकडे आला, तिला पटला, आणि बारा वर्षांची भाची आता ‘भूक नाही’ म्हणत अर्ध्या ताटावरून उठते. म्हणून चिडून लिहितेय.

आधी तेच वाक्य घेते, कारण सगळ्यात जास्त घात त्यानेच होतो. वयात येताना मुलींचं अंग भरतं, मांड्या-कंबर जड होतात. ते व्हायचंच असतं. उंची सगळ्यात झपाट्याने वाढते त्या काळात, साधारण दोन वर्षांत, मोठेपणीच्या हाडांतल्या खनिजांचा जवळजवळ पाव हिस्सा साठतो. नेमकं तेव्हाच अन्न तोडलं तर मेंदू पाळीची हार्मोन्स आवरती घेतो. पाळी लांबते किंवा थांबते, हाडांना बळ देणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं, हाडं भरायची राहून जातात, आणि ती कसर पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. वजनकाट्यावर यातलं काही दिसत नाही. दिसतात ते फक्त घटलेले किलो.

‘लवकर डाएट लावलं की पुढे त्रास नाही’ हा मेसेजमधला दुसरा दावा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात संशोधक जॉर्ज पॅटन आणि सहकाऱ्यांनी १४-१५ वर्षांच्या मुलामुलींचा तीन वर्षं पाठपुरावा केला. १९९९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार (उपाशी राहणं, मुद्दाम उलटी काढणं असा आजार) जडण्याची शक्यता डाएट न करणाऱ्या मुलींच्या १८ पट निघाली, मध्यम डाएट करणाऱ्यांची ५ पट. आणि नव्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश मध्यम डाएटवाल्या गटातून आले! ‘आमची कुठे उपाशी राहते, जरा कमी खाते इतकंच’ म्हणणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावं.

‘खाण्याचे हे विकार मोबाईलमुळे’ असं म्हणतात, ते अर्धं खरं. फिजीच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींपैकी ११.३ टक्के जणींनी वजनासाठी मुद्दाम उलटी काढत असल्याचं सांगितलं. १९९५ च्या पाहणीत असं सांगणारी एकही नव्हती. पडद्यावरच्या बारीक बायकांचा परिणाम होतो, मान्य. पण ‘जाड झालीस गं’ हे घरातलीच माणसं म्हणतात, तेही तिच्या पानासमोर.

गोड पेयं कमी करा, हा त्या मेसेजमधला एकच मुद्दा बरा आहे. तो सगळ्या घराने पाळावा, एकट्या मुलीने नाही. ‘डाएटने शिस्त लागते’ वगैरेंवर मी वेळ घालवणार नाही.

ताई, तू तिचं वजन करणं बंद कर आणि रात्री तिच्यासोबत जेवायला बस. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, ती जेवल्या-जेवल्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावायला लागली, उभी राहताना तिला चक्कर आली, यातलं एक दिसलं तरी थांबू नकोस, डॉक्टरांकडे ने.